ओकची साल

मी डिस्क फेकायला हात मागे नेला आणि तसाच खाली घेतला, कारण आई समोर उभी होती. २०१८ सालचा मे महिना, सकाळचे नऊ वाजलेले, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या टेकडीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मी तिला डिस्क गोल्फ दाखवायला आणलं होतं, चेंडूऐवजी ताटलीसारखी डिस्क फेकत फेकत कमीत कमी फेकींत टोपलीत घालायचा खेळ. ती माझ्या मागे बाकावर बसली असेल असं मी धरून चालले होते. पण ती टीपासून, म्हणजे पहिली फेक जिथून टाकतात त्या जागेपासून, वीसेक पावलांवर, डिस्क जिथून जायची त्या वाटेच्या कडेला, एका जुन्या ओकपाशी जाऊन थांबली होती. तिने खोडावर तळवा ठेवला होता, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मी जवळ गेले. त्या झाडाखालून तोवर मी शंभरेक वेळा तरी गेले असेन, पण त्याची टीकडची बाजू कधी निरखून पाहिली नव्हती. गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंतची करडी साल झडून गेली होती आणि आतलं तांबूस अंग उघडं पडलं होतं. त्यावर नखाने कोरल्यासारख्या अर्धगोल खाचा होत्या, एकावर एक, दाटीवाटीने. एका खाचेत नारिंगी प्लास्टिकची सालपटी अडकली होती. आईने ती नखाने काढली, बोटांत फिरवून पाहिली आणि मला विचारलं, "याला रोज लागतं का गं?"

मी म्हणाले, "अगं, एवढं मोठं झाड आहे. त्याला काय होतंय!"

ती काही बोलली नाही, बाजूला झाली. मी टीवर परत आले आणि फेकलं. डिस्क फटीतून सरळ गेली. पुढे ती कुठे पडली आणि त्या होलवर, म्हणजे टीपासून टोपलीपर्यंतच्या टप्प्यात, मला किती फेकी लागल्या, यातलं काहीच आता आठवत नाही. आठवतं ते माझं वाक्य, आणि ते म्हणताना आवाजात असलेली घाई.

या कोर्सवर, डेलाव्हिएगाला, मी २०१४ पासून जाते. सॅन होजेहून हायवे सतराची वळणं घेत डोंगर ओलांडला की हवा बदलते. खिडकी खाली केली की निलगिरीचा वास येतो, लहानपणी सर्दीत रुमालावर थेंब टाकून द्यायचे तसला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एका शनिवारी आग्रहाने नेलं आणि दोन जुन्या डिस्क हातात ठेवल्या. त्याआधी माझा समज असा, की हे समुद्रकिनाऱ्यावर मुलं भिरकावतात तेच काहीतरी. हातात घेतली तेव्हा कळलं की हिचा पिंडच वेगळा आहे. वीत-सव्वावीत रुंदीची, पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, आणि कडेला थाळीसारखी नव्हे तर विळीच्या पात्यासारखी निमुळती होत गेलेली. १९८४ पासून लोक या टेकडीवर खेळताहेत. जागा सगळी चढउतारांची, ओढ्याघळींची, ओकच्या गर्दीची. सपाट मैदानावरच्या कोर्सवर मी नंतर खेळले, तिथे मन रमलं नाही. तिथे नुसता जोर मोजला जातो. रानात आणि डोंगरावर आधी पाहावं लागतं.

पाहायचं म्हणजे किती! उजव्या हाताने, अंगासमोरून फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. वेगात असताना ती सरळ किंवा जराशी उजवीकडे कलते, वेग उतरला की डावीकडे वळून जमिनीला लागते. हे एवढंच सूत्र, पण उतारावर ते बदलतं, कारण जमीन खाली खाली सरकत जाते, डिस्क हवेत जास्त वेळ राहते आणि शेवटचं ते डावं वळण लांबतच जातं. चढावर उलट. डिस्कचं नाक बोटभर जरी वर राहिलं तरी ती वर चढते, थांबते आणि मागे घसरते. त्यात दुपारी उपसागराकडून वारा सुटला की पुन्हा नवा हिशोब. मला पहिलं वर्षभर प्रत्येक घळीने हेच शिकवलं. मी गणितात कधी फार हुशार नव्हते, पण एखादी डिस्क दोन खोडांच्या मधून, एका फांदीच्या खालून, दरीवरून तिरकी होत जाऊन पलीकडच्या उतारावर अलगद बसताना पाहिली की जे वाटतं ते एखादं कोडं सुटल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. क्षणभर त्या सगळ्या झाडांशी आपलं एकमत झालं असं वाटतं.

आणि शेवटी साखळ्यांचा आवाज. लोखंडी खांबाभोवती सैल लोंबणाऱ्या साखळ्या, खाली टोपली. डिस्क त्यांत शिरली की जो झणत्कार होतो तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आमच्या संगमेश्वरकडच्या घराची पडवी आठवली. तिथे झोपाळा आहे. दुपारी सगळे निजलेले असताना कुणी त्याच्यावरून उठलं की रिकामा झोपाळा एकदा जोरात हलतो आणि कड्या वाजतात, हुबेहूब तसा. आईला पहिल्याच होलवर तो आवाज ऐकवायला म्हणून मी दोन हातांवरून डिस्क टाकली. ती हसून म्हणाली, "उठलं वाटतं कुणीतरी." म्हणजे तिलाही तेच आठवलं. मला त्या दिवशी याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं होतं.

या साखळ्यांमागे एक माणूस आहे, एड हेड्रिक. फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम करणारा. त्याने १९७५ साली पासाडेनाजवळ ओक ग्रोव्ह नावाच्या उद्यानात पहिला कायमचा कोर्स आखला. तोही नावाप्रमाणे ओकच्या झाडीतच. सुरुवातीला तिथे नुसते खांब होते आणि डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद व्हायचे. मग त्याने मुलाच्या मदतीने साखळ्या आणि टोपली जोडली आणि १९७७ साली त्याचं पेटंट मिळवलं. खेळाच्या संघटनेत तो पहिल्या क्रमांकाचा सभासद. पुढे तो या सांताक्रूझच्याच बाजूला राहायला आला आणि २००२ साली ला सेल्व्हा बीच इथे, टेकडीवरून दिसतो त्याच उपसागराच्या काठी वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या डिस्क ओतल्या, आणि त्या त्याच्या जवळच्यांपर्यंत पोचल्या. हे मी आईला चालता चालता सांगितलं. इकडच्या लोकांच्या तऱ्हा म्हणून ती सोडून देईल असं वाटलं होतं. ती थांबली, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतला आणि म्हणाली, "मग त्यातली एखादी झाडीत हरवली तर?"

बाबांच्या अस्थी आम्ही शास्त्री नदीत सोडल्या, २०१५ च्या फेब्रुवारीत. पाणी कमी होतं. भावाने कलश उपडा केला तेव्हा राखेचा पुंजका एका दगडाशी थोडा वेळ घुटमळला आणि मग गेला. वाहून गेलं त्याला कुणी हरवलं म्हणत नाही. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिचा हात धरून पुढचा चढ चढवला.

खेळणाऱ्यांमध्ये एक म्हण आहे, की झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. समोर गच्च फांद्या दिसल्या आणि कुणी कचरायला लागलं की दुसरा पाठीवर थाप मारून हे सांगतो. मीही कितीजणांना सांगितलं असेल. त्यात तथ्य आहे, पानांच्या पसाऱ्यातून डिस्क खरोखरच आरपार निघून जाते. पण खोडाला ते लागू नाही. खोड सगळं खोडच असतं. खोडाला डिस्क लागल्याचे आवाज मला आता वेगवेगळे ओळखता येतात. या डोंगरांतल्या रेडवूडची साल काथ्यासारखी, ती आवाज गिळून टाकते, नुसतं धप्प होतं. ओकला लागलं की कोरडा ठक्क असा आवाज येतो, पाटावर बत्ता आपटल्यासारखा, आणि तो घळीच्या पलीकडून परत येतो. त्या आवाजाला आम्ही सगळे एक सुस्कारा सोडतो. तो सुस्कारा आमच्या हुकलेल्या फेकीसाठी असतो. मी इतक्या वर्षांत झाडासाठी कुणी हळहळल्याचं ऐकलं नव्हतं, माझ्या तोंडूनही नाही.

१९८३ पर्यंत डिस्कच्या कडा बोथट, गोलसर असायच्या. त्या वर्षी डेव्ह ड्युनिपेसने कडेला उतार दिलेली डिस्क आणली, ईगल नावाची. ती हवा कापत गेली आणि खेळच बदलला. फेकी कितीतरी लांबल्या, कोर्स लांबले, लोक उत्साहाने भरून गेले. मी स्वतः लांब फेकीसाठी त्याच घराण्यातली डिस्क वापरते आणि ती सुटताना बोटांना जो झटका बसतो तो मला प्राणप्रिय आहे. पण त्या दिवशी आईच्या हातातली नारिंगी सालपटी पाहिल्यापासून मला हेही दिसायला लागलं, की जी कड हवा कापते तीच साल कापते.

आमच्या गावाला देवराई आहे. कोकणात ज्यांचं गाव आहे त्यांना तिचे नियम सांगायला नकोत. लहानपणी आम्हाला तिथे एकट्याने जायची बंदी होती, म्हणून मी एकदा गेलेच. नऊ-दहा वर्षांची असेन. उन्हाळ्याची सुट्टी, बाहेर रखरख आणि आत माठातल्यासारखा गारवा. गारंबीचा वेल झाडाझाडांवरून जाड दोरखंडासारखा गेलेला आणि खाली तिची हातभर लांबीची शेंग फुटून पडलेली. गारंबीची बी ज्याने पाहिली आहे त्याला कळेल मला काय झालं असेल ते. चपटी, गोल, बिस्किटाएवढी, तपकिरी, पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत. तळहातात अशी बसते की ती फेकण्यासाठीच केली आहे असं वाटावं. मी दोन बिया फ्रॉकच्या खिशात घातल्या आणि पऱ्ह्यावर येऊन त्यातली एक मनगट मुरडून पाण्यावर सोडली. तिने चार टप्पे घेतले. पाचव्याला ती बुडाली की पलीकडच्या गवतात गेली ते समजलं नाही. आज डिस्क बाजूने झटक्याने फेकते तेव्हा माझं मनगट तेच करतं जे त्या दुपारी त्याने केलं होतं. मला हे कुणी शिकवलेलं नाही.

दुसरी बी रात्री आजीला सापडली. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा हात धरून मला देवराईच्या कडेपर्यंत घेऊन गेली, चपला काढायला लावल्या आणि जिथून उचलली तिथेच ती बी ठेवायला सांगितली. मग हात जोडून देवीला म्हणाली, "लेकरू आहे, घरात नेलंन." मी विचारलं, एक बी नेली तर काय होतंय? एवढ्या तर पडल्या आहेत. आजीने याचंही उत्तर दिलं नाही. देवळाच्या तुळईसाठी एक झाड लागलं होतं तेव्हा गावाने कौल लावला होता, पहिल्यांदा मिळाला नाही, दोन वर्षं थांबले होते, एवढंच तिने परतताना सांगितलं. मला तेव्हा दोन्हींचा संबंध कळला नाही. आणि पऱ्ह्यात गेलेल्या पहिल्या बीबद्दल मी तिला कधीच सांगितलं नाही.

या खेळाचा नियम मी आईला समजावून सांगितला तेव्हा मला आजीची आठवण झाली. डिस्क झुडपात पडली तर जिथे पडली तिथूनच खेळायचं. वाट करून घ्यायला जिवंत फांदी मोडायची नाही, वाकवून पायाखाली दाबायची नाही. उभं राहायची जागा अशी निवडायची, की झाडाला कमीत कमी धक्का लागेल. झाडाने आपल्याला जागा करून द्यायची नसून आपण त्याच्यात मावेल तसं वाकायचं. आई लगेच म्हणाली, "म्हणजे कुणीतरी नियम केलाय की!" तिला बरं वाटलं होतं. काही होलांवर एखाद्या झाडाला बाणाची पाटी असते. डिस्क त्या झाडाच्या ठरलेल्या बाजूनेच गेली पाहिजे. तेही तिला आवडलं. त्याला ती सरळ प्रदक्षिणाच म्हणाली. पण मग तिने विचारलं, "हाताने फांदी मोडायची नाही, आणि याने मारलेलं चालतं?" माझ्या हातातल्या डिस्ककडे तिने बोट दाखवलं. हे विचारताना तिच्या आवाजात काही टोचणी नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

सत्ताविसाव्या होलला लोक 'टॉप ऑफ द वर्ल्ड' म्हणतात. टेकडीच्या माथ्यावरून पाय खाली सोडून बसावं अशी ती टी. समोर जमीन एकदम खाली जाते, ओकचे माथे पायाखाली हिरव्या ढगांसारखे दिसतात, त्यापलीकडे गाव, आणि गावापलीकडे माँटेरे उपसागर. पाचशेहून जास्त फुटांवर खाली कुठेतरी बास्केट चमकते. तोवर धुकं गेलं होतं आणि पाणी दिसत होतं. आई बाकावर बसली, पदराने मान पुसली आणि खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक मी टाकू?" मी तिला माझी हिरवी डिस्क दिली, पिशवीतली सगळ्यात हलकी, माझी सगळ्यात लाडकी. कशी धरायची ते दाखवायला लागले तर तिने हात झटकला. पाय रोवले, खांदा खाली घेतला आणि हात अंगाच्या बाजूने काढून, बुटक्या आंब्यावरची कैरी दगडाने पाडावी तशी ती सोडली. अडुसष्ट वर्षांची बाई. डिस्क आधी थरथरली, मग वाऱ्याने तिला उचललं. आमच्या दोघींच्या तोंडून एकच आवाज निघाला. ती कितीतरी वेळ पाण्याच्या निळ्यावर एक हिरवा ठिपका होऊन तरंगत राहिली, आणि मग उजवीकडे वळून घळीत गेली.

आम्ही तासभर शोधलं. मागून आलेले दोन अनोळखी मुलगे आपला खेळ थांबवून आमच्याबरोबर शोधायला लागले. या खेळात ही रीतच आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. डिस्कच्या पोटाला माझं नाव आणि फोन नंबर लिहिलेला होता. मी घळीत उतरले, तिथे पॉयझन ओकचं रान माजलं होतं. तीन तीन पानांची ती झुडपं मला ओळखता येत नव्हती असं नाही. लाडक्या वस्तूच्या मागे माणूस जातं तशी मी गेले. डिस्क मिळाली नाही. मला वाईट वाटलं ते डिस्कचं. आई परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ गप्प होती, आणि सतराच्या एका वळणावर म्हणाली, "त्या रानात आपलं प्लास्टिक राहिलं."

दोन दिवसांनी माझ्या हातांवर आणि मानेवर पुरळ उठला, त्याचे फोड झाले, पाणी झिरपायला लागलं. आईने चष्मा लावून हात उजेडात धरला आणि म्हणाली, "हे बिब्बा उतल्यासारखं दिसतंय." मग स्वतःशीच, "नाहीतर ओल्या काजूचा चीक." मी तिला समजवायला लागले की हे इकडचं झुडूप आहे, वेगळं आहे. मग पाहिलं तर तीच बरोबर होती. आंबा, काजू, बिब्बा आणि पॉयझन ओक हे सगळे एकाच कुळातले. कोकणातल्या बायकांच्या बोटांवर ओले काजू सोलून जे डाग पडतात त्यांच्या मुळाशी असलेलं तेल आणि माझ्या मानेवरचं तेल सख्खे भाऊबंद. साता समुद्रापलीकडच्या घळीत, नाव माहीत नसलेल्या झुडपाची जात आईने फोडावरून ओळखली. तिने थंड पाण्याने आणि साबणाने माझ्या पिशवीतली एकूण एक डिस्क धुतली, कारण ते तेल वस्तूंना चिकटून राहतं. धुताना प्रत्येकीची कड बोटाने चाचपून पाहत होती.

ती सप्टेंबरात परत गेली.

त्या हिवाळ्यात पाऊस पडून गेल्यावर मी एका रविवारी सकाळी एकटीच डेलाव्हिएगाला गेले, त्या ओकपाशी उभी राहिले. तेव्हा कुठे मी माझ्या वाक्याचा माग काढला. 'त्याला काय होतंय' हे मी बोलले त्याच्या तीन वर्षं आधी दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. बाबा गेले तेव्हा मला तिकडे फार दिवस राहता येत नव्हतं. आईला एकटं सोडायचं कसं म्हणून मी दाराशी रडत होते, आणि नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, एवढी खंबीर बाई आहे ती. तिला काय होतंय!" मला ते ऐकून हायसं वाटलं होतं. मी बाराव्या दिवशी रात्री विमानात बसले. आई तेव्हा तिथेच होती, पाट उचलून ठेवत होती. तिने ते ऐकलं असणार. मे महिन्यातल्या त्या सकाळीही तिला ते आठवलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारण्याची माझी छाती होत नाही.

तेव्हापासून महिन्यातून एखाद्या सकाळी मी स्वयंसेवकांबरोबर लाकडाचे तुकडे पसरायला जाते. एकचाकी गाडीत भरायचे, चढावर ढकलायचे, टीजवळ आणि झाडांच्या बुंध्याभोवती फावड्याने पसरायचे. हे काम करतानाच मला कळलं, की डिस्कपेक्षाही आमचे पाय झाडाला जास्त जाचतात. ओकची अन्नपाणी शोधणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटातच असतात. वर्षानुवर्षं एकाच जागी पावलं पडली की माती सिमेंटसारखी होते, तिच्यात पाणी मुरत नाही, हवा जात नाही. लाकडाच्या तुकड्यांचा थर तो भार झेलतो आणि कुजून पुन्हा माती भुसभुशीत करतो. काही कोर्सवर टीजवळच्या खोडांना उभ्या लाकडी पट्ट्या बांधतात, चिलखतासारख्या. या भागात ओक म्हटलं की आणखी एक धास्ती असते. १९९५ च्या सुमारास मरिन काउंटीत ओकची झाडं एकाएकी वाळायला लागली, खोडातून काळसर रस झिरपायचा. त्यामागचा रोगकारक जीव २००० साली सापडला. सांताक्रूझच्या डोंगरांतही तो आहे आणि ओल्या मातीबरोबर बुटांच्या तळव्यांतून प्रवास करतो. म्हणून मी आता घरी निघण्यापूर्वी गाडीपाशी बसून बुटांची माती ब्रशने काढते. पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात गुडघ्यांनाही विश्रांती मिळते.

आणि त्या एका टीवर मी लांब पल्ल्याची डिस्क काढत नाही. बोथट कडेची, सावकाश जाणारी घेते आणि फट ओलांडण्यापुरतीच टाकते. एक फेक जास्त लागते. बरोबरचे विचारतात, तू इथे असं का खेळतेस, तुझा हात तर चांगला आहे. मी खरं कारण सांगते. काहींना पटतं, काही मान हलवून आपला ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, काढतात. मी त्यांना अडवत नाही. पण त्यांच्यातल्या कुणाची डिस्क खोडावर ठक्क वाजली की माझ्या पोटात काहीतरी हलतं, पूर्वी हलत नसे. हा खेळ सोडावा असं मात्र मला कधीच वाटलं नाही. या झाडांची ओळख मला त्यानेच करून दिली. डिस्क नसती तर मी त्या टेकडीवर एकदा जाऊन फोटो काढून परतले असते, त्या ओकला कुठल्या बाजूने फांदी फुटली आहे हे मला आयुष्यात कळलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्या दोन्ही घेऊन टीवर उभी राहते.

आई रविवारी फोन करते, तिकडची रात्र, इकडची सकाळ. आधी झाडाची चौकशी होते. गेल्या खेपेला मी तिला सालीचा जवळून काढलेला फोटो पाठवला. उघड्या पडलेल्या जागेच्या दोन्ही कडांनी नवी साल जाड होऊन आत वळायला लागली आहे, करंजीची मुरड असते तशी. मधला भाग अजून उघडाच आहे आणि त्यात दोन खाचा ताज्या आहेत. आईने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला असावा, कारण थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

"कडेने भरत आलंय," ती म्हणाली. "मधलं राहिलंय."

"हो."

"आणि माझी ताटली?"

"नाही सापडली गं अजून."

"त्या झुडपांची पानं गळतात का?"

"गळतात. डिसेंबरात नुसत्या काड्या राहतात."

"मग डिसेंबरात बघ," ती म्हणाली. "आणि जाताना हातांना खोबरेल तेल लावून जा."

काड्यांनाही तेच तेल असतं, हे मी तिला सांगितलं नाही.

"लावते," म्हटलं.